काय सोडलंत, ताई?

ब्लाऊजचं माप देताना बाईचे दोन्ही हात वर असतात आणि तोंड माझ्या कानाशी. असले प्रश्न मग तिथेच विचारले जातात. "ताई, केवढ्या बारीक झालात! काय सोडलंत? भात? साखर? रात्रीचं जेवण?" मी म्हणते, नीट जेवायला लागले. त्यावर त्या हसतात. त्यांना वाटतं, हिने कुठली तरी पावडर घेतलीय आणि सांगत नाहीये. टेप हातात असताना यापेक्षा जास्त बोलता येत नाही, मागे दोघीतिघी थांबलेल्या असतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बसून सगळं लिहिते.

पंचवटीत माझं शिवणाचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. मापाच्या जुन्या वह्या मी टाकत नाही. त्या चाळल्या तर एकाच बाईची कंबर जानेवारीत ३४, मार्चमध्ये ३२ आणि गणपतीत ३५ अशी सापडते, आणि अशी पानं भरपूर आहेत. घरात लग्न निघालं की दोन महिने उपाशी राहायचं, ब्लाऊज अगदी फिटिंगला शिवून घ्यायचा आणि पाचसहा महिन्यांनी तोच उसवायला आणायचा. "डायट चालू आहे, टाईटच शिवा," असं कुणी म्हणालं की मी बाजूच्या शिलाईत नेहमीपेक्षा इंचभर जास्त कापड सोडते. सांगत मात्र नाही.

माझंही पान याच वहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाच्याचं लग्न होतं. वजन ७६. सात आठवडे मी सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी काकडीची कोशिंबीर आणि एक फुलका, रात्री दुधीचं सूप यावर काढले. सात किलो उतरले. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं, एकट्या सासूबाई म्हणाल्या, "तोंड बघ कसं वाळलंय."

कौतुक करणाऱ्यांनी जे पाहिलं नाही ते सांगते. नाशिकच्या थंडीची मला सवय आहे, पण त्या जानेवारीत मी भर दुपारी शाल पांघरून मशीनवर बसायची आणि तरी बोटं गार. एका काकूंचा येवल्याच्या पैठणीचा ब्लाऊज कापायला घेतला होता. जांभळा, काठ हिरवा. वहीत त्यांचं पान उघडलं, ३८. मध्ये कुणीतरी फॉल-पिको विचारायला आलं, पान उलटलं, आणि परत आल्यावर मी शेजारच्या पानावरच्या ३४ ने खडू मारला आणि कात्री चालवली. मागचा भाग कापून झाल्यावर तो हातात घेऊन बघत बसले, काय चुकलंय तेच कळेना. एरवी कापड नुसतं उचललं तरी ३८ आहे की ३४ हे मला हाताला कळतं. पैठणीच्या साडीतलं ब्लाऊजपीस. दुसरं कुठून आणणार? पुढच्या रविवारी येवल्याला गेले, दुकानं हिंडले, काठ जवळपास जुळेल असा तुकडा मिळाला. पैसे मी भरले. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत आणि नंतर कधी दुकानात आल्याही नाहीत. उपाशी होते म्हणून चुकलं, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण एकोणीस वर्षांत पान चुकून कापड कापलंय ते एवढं एकदाच.

मे महिन्यात केस झडायला लागले, फणीत गुंताच्या गुंता. शरीराला असा झटका बसला की केस दोनतीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे आपल्याला त्याचा संबंध लागतच नाही. मीसुद्धा पाण्याला दोष दिला. आणि रात्री अकराला, घर झोपल्यावर, ओट्यापाशी उभी राहून शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची, वर मूठ-मूठ चिवडा. बसून ताटात घेतलं तर जेवण म्हणून मोजावं लागलं असतं ना. वर्षाअखेरीला वजन ७८ झालं. सात घालवून नऊ मिळवले.

जून २०२३ मध्ये गंगापूर रोडवरच्या एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं, रात्रीच्या चिवड्यासकट. मग कागदावर एक गणित मांडलं. मिफ्लिन-सेंट जिओर असं त्या सूत्राचं नाव, १९९० सालचं. वजनाला दहाने गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला सव्वासहाने, दोन्हींची बेरीज करायची. त्यातून वयाची पाचपट वजा करायची आणि बाई असेल तर आणखी १६१. मी ७८ किलो, १५७ सेंटिमीटर, ४४ वर्षं. उत्तर आलं १३८०. म्हणजे दिवसभर अंथरुणात नुसती पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीर साधारण एवढ्या कॅलरी जाळणार. बैठ्या कामासाठी त्याला १.२ ने गुणायचं, की झाले साडेसोळाशे. रोज तासभर चालले तर अठराशेच्या पुढे. "आणि त्या सात आठवड्यांत तुम्ही खात होतात जेमतेम आठशे," मॅडम म्हणाल्या. "पडून राहणाऱ्या माणसाला लागतं त्यापेक्षाही पाचसहाशे कमी, आणि त्यात दिवसभर मशीन."

त्यांनी मला खायला सांगितलं साडेचौदाशे. मला राग आला. एवढं खाऊन बारीक होणार असते तर फी भरून इथे कशाला आले असते?

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तोही दुकानात रोज ऐकते. फार कमी खाल्लं की शरीर "बंद पडतं" आणि वजन उतरतच नाही, असं नाही. उतरतं, माझं उतरलंच की. पण पहिल्या आठवड्यातलं बरंचसं पाणी असतं: शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी जातं. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शरीर खर्च आवरतं घेतं, आपण नकळत कमी हलतो. मी तर बॉबीन उचलायलाही मुलीला हाक मारायची. फार झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही राहत नाही.

यावर मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून. मुलं स्वतःहून तयार झाली होती. दिवसाला साधारण १५७० कॅलरी आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने घटलं. त्यांना सतत थंडी वाजे, चिडचिड होई, ताटल्या चाटूनपुसून घेत, आणि ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. मी त्या सात आठवड्यांत झोपण्याआधी मोबाइलवर पुरणपोळ्या लाटतानाचे व्हिडिओ बघायची, एकामागून एक. आपण खादाड आहोत, आपल्याला निग्रह नाही, असं मला वाटायचं. १५७० चा आकडा मात्र उचलून स्वतःला लावू नका. ते उंचेपुरे, दिवसभर राबणारे तरुण होते, त्यांना ती उपासमार. माझ्या चणीच्या बाईला तेवढं पोटभर होतं. म्हणून तर आधी स्वतःचं गणित करायचं.

आता साडेचौदाशेत काय बसतं? पुष्कळ बसतं. सकाळी मुगाची दोन धिरडी आणि एक उकडलेलं अंडं (अंड्याचं पातेलं आमच्याकडे वेगळं आहे, सासूबाईंशी तसा तह झालाय). दुपारी ज्वारीच्या किंवा नागलीच्या दोन लहान भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, ताक. पाचला मूठभर फुटाणे. रात्री वरण-भात-भाजी. होय, भात. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात १३० च्या आसपास कॅलरी असतात. त्याने कुणाचं काय वाकडं केलंय ते मला कळत नाही. फरक पडला तो उसळीने. आधी माझ्या ताटात भाजी-पोळीच असायची, प्रथिनं नावाला. उसळ, डाळ, दही, अंडं आल्यावर रात्री अकराची भूक आपोआप गेली. मी ती मोठ्या निर्धाराने वगैरे सोडली नाही.

कॅलरी कमी कुठे झाल्या ते विचाराल तर तेलात. पण फोडणीचे चमचे मोजायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. मी महिन्याचा हिशोब केला, दोऱ्याच्या रिळांचा करते तसा. घरात चार माणसं, महिन्याला चार लिटर शेंगदाणा तेल. म्हणजे माणशी लिटर. लिटरभर तेलात साधारण ८२०० कॅलरी. तीस दिवसांनी भागा. रोज माणशी २७० कॅलरी, नुसत्या तेलाच्या, आणि त्याने ताट एका घासानेही भरलेलं दिसत नाही. आता आम्ही अडीच लिटरमध्ये भागवतो. माणशी शंभरेक कॅलरी वाचल्या, आणि आमच्या ह्यांना अजून त्याचा पत्ता नाही.

तसंच उपवासाचं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, साजूक तूप: मध्यम बशी सव्वाचारशेच्या घरात जाते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी करून बायका म्हणतात, उपास करूनही वजन हलत नाही. देवासाठी करताय ना, करा. त्यात वजनाचा नवस घुसडू नका.

चालायला मी पहाटे गोदाघाटावर जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रस्ताच बुडतो. नाशिककर पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर घेतात: आज गुडघ्याला, आज कमरेला, आज छातीला. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की माझं चालणं बंद आणि घरातच खुर्चीतून ऊठ-बस. त्या आठवड्यात वजन उतरत नाही. काही बिघडत नाही.

मॅडमच्या गणिताने महिन्याला दीड किलो उतरायला हवं होतं. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी असा ढोबळ हिशोब असतो. प्रत्यक्षात मला किलोही उतरला नाही. १४ महिन्यांत १३. वजन घटतं तसं शरीराला लागतंही कमी, आणि श्रावण-दिवाळी कुणाला चुकली नाही. एकदा तर काटा सलग पाच आठवडे ढिम्म. पण मी शिंपीण. त्याच पाच आठवड्यांत कंबर अर्ध्या इंचाने उतरली होती. काट्याला कालच्या मिसळीतलं मीठ आणि त्याने धरलेलं पाणीही दिसतं, पाळीही दिसते. टेप सहसा असलं मनावर घेत नाही. महिन्यातून एकदा, त्याच दिवशी, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. टेप आवळायचा नाही आणि ढिलाही धरायचा नाही, दोन्हीकडून आपण स्वतःलाच फसवतो.

मिसळीचा उल्लेख आलाच आहे तर: रविवारी खाते. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दोन पाव. मटकीच आहे शेवटी. फक्त रस्सा दुसऱ्यांदा वाढायला आले की वाटीवर हात ठेवते, कारण तर्री म्हणजे तेलच. हे सगळं मी महिन्यातून चार वेळा खाऊनही बारीक झाले, असं सांगितलं की मग बायकांचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडतो.

ज्यांना थायरॉइड आहे, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, किंवा अंगावर पाजताय, त्यांनी माझे आकडे घेऊ नका. डॉक्टरांना विचारून स्वतःचे काढा.

आणि एक कामाचं. हल्ली बऱ्याच जणी माप द्यायला सकाळी काही न खाता येतात, वर श्वास रोखून पोट आत घेतात. मला टेपवर कळतं ते. जेवून या. उपाशीपोटी दिलेल्या मापाचा ब्लाऊज पंगतीत बसल्यावर तिसऱ्या पोळीला काचायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्याच टेबलावर उसवायला येतो. उसवायचे मी वेगळे पैसे घेते.