छोट्या लीगचं अजिंक्यपद कोण लक्षात ठेवतं?

"बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सर्वात वरच्या मेजर लीगची अंतिम मालिका, सोडून तुम्ही त्या खालच्या लीगच्या अजिंक्यपदात काय एवढं बघता? तिथले खेळाडू तर स्वतःच तिथून निघायची वाट बघत असतात." अमेरिकेतल्या रोचेस्टरला स्थायिक झाल्यापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. भारतातून आलेले पाहुणे विचारतात, इथले मराठी मित्रही विचारतात. परवा तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचा संघ रोचेस्टर रेड विंग्ज. तो इंटरनॅशनल लीगमध्ये खेळतो. 1884 सालापासून चालत आलेली ही लीग मेजर लीगच्या बरोबर एक पायरी खाली आहे. इथला प्रत्येक संघ वरच्या एखाद्या संघाला जोडलेला असतो आणि खेळाडूंचा पगार, त्यांची ने-आण सगळं त्या वरच्या संघाच्या हातात असतं. रणजी गाजवणारा खेळाडू भारतीय संघात गेला की मुंबईला त्याच्याशिवाय खेळावं लागतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे मोसम भरात असताना, अगदी प्लेऑफच्या तोंडावरही, उत्तम गोलंदाज एका फोनवर निघून जातो. मग जिंकायचं कुणी आणि कुणासाठी?

याचं उत्तर मला 1933 मध्ये सापडतं. महामंदीचे दिवस होते. आदल्या वर्षी नेवार्क बेअर्स या संघाने 109 सामने जिंकून बाकीच्यांना कुठच्या कुठे मागे टाकलं होतं. उन्हाळा संपायच्या आत निकाल ठरला की उरलेल्या सामन्यांना खिशातले पैसे खर्चून कोण येणार? माँट्रियल संघाचे व्यवस्थापक फ्रँक शॉनेसी यांनी आइस हॉकीच्या धर्तीवर तोडगा सुचवला: पहिल्या चार संघांनी प्लेऑफ खेळायचा आणि त्यातून विजेता ठरवायचा. आयपीएल बघणाऱ्यांना हे पहिल्या चारचं गणित नवीन नाही, पण तेव्हा बेसबॉलमध्ये ते नवीन होतं. विजेत्यासाठी करंडक आला, गव्हर्नर्स कप. पहिल्याच वर्षी तो जिंकला बफेलोने, आणि तोही 83 विजय आणि 85 पराभव असा मोसम काढून! जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, आणि तरी विजेता. यावर टीका होणारच होती. पण मैदानं सप्टेंबरपर्यंत जागी राहिली. मला स्वतःला शॉनेसींची बाजू पूर्ण पटते. चौथ्या क्रमांकावरच्या गावालाही शेवटपर्यंत आशा धरता आली, हे लहान काम नव्हे.

म्हणजे बलाढ्य संघ जिंकतच नव्हते असं नाही. 1937 च्या नेवार्कने 109 जिंकले, फक्त 43 हरले आणि कपही घेतला. मग दुसऱ्या एका लीगच्या विजेत्या कोलंबसशी सात सामन्यांची मालिका झाली. नेवार्क घरच्या मैदानावर पहिले तिन्ही सामने हरले आणि कोलंबसला जाऊन सलग चार जिंकून आले.

1946 चं माँट्रियल तर नक्कीच सांगायला हवं. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन तिथे पाऊल टाकण्याआधी वर्षभर या लीगमध्ये खेळला. 18 एप्रिलला जर्सी सिटीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने चार हिट्स मारल्या, म्हणजे चेंडू टोलवून चारदा सुखरूप बेस गाठला; त्यातला एक होमरन, आपल्या षटकारासारखा फटका, होता. मोसमभरात त्याची सरासरी .349 राहिली, म्हणजे दर हजार संधींमागे 349 हिट्स, आणि संघाने 100 सामने जिंकले. कप जिंकल्यावर पुढची मालिका त्या दुसऱ्या लीगच्या विजेत्या लुइव्हिलशी होती. लुइव्हिलच्या प्रेक्षकांनी त्याला शिव्याशाप दिले, आणि तिथले तीनपैकी दोन सामने माँट्रियल हरलं. घरी परतल्यावर माँट्रियलच्या लोकांनी लुइव्हिलच्या खेळाडूंची हुर्यो उडवली आणि संघाने तिन्ही सामने घेतले. शेवटी मैदानातून निघालेल्या रॉबिन्सनच्या मागे लोक आनंदाने रस्त्यावर धावत सुटले. मेजर लीगचा इतिहास सांगताना हे वर्ष एका वाक्यात उरकतात, त्याचं मला वाईट वाटतं.

1959 मध्ये कप जिंकला हवानाने. हो, क्युबातल्या हवानाने. क्रांती होऊन वर्ष उलटलं नव्हतं. शुगर किंग्ज हा संघ तिसरा आला होता, म्हणजे शॉनेसींच्या नियमाशिवाय तो कुठेच नसता. दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी होणारी पुढची मालिका मिनियापोलिसशी होती. तिकडे इतकी थंडी पडली की दोन सामन्यांनंतर उरलेली सगळी मालिका हवानाला हलवली. मैदानात बंदूकधारी सैनिक आणि प्रेक्षकांत खुद्द फिडेल कॅस्ट्रो. सातव्या सामन्यात, शेवटच्या म्हणजे नवव्या डावात, हवाना 3-2 ने जिंकली. पुढच्याच जुलैत, मोसमाच्या मधोमध, तो संघ उचलून जर्सी सिटीला नेला. ज्या गावाने वर्षापूर्वी करंडक साजरा केला, त्याच्याकडे संघच उरला नाही.

आमच्यावरही हीच पाळी आली होती. रोचेस्टरने 1955 आणि 1956, दोन्ही वर्षं गव्हर्नर्स कप जिंकला, आणि तरीही आमचा संघ ज्यांच्या हातात होता त्या सेंट लुइस या वरच्या संघाच्या मालकांनी इथून अंग काढून घ्यायचं ठरवलं. तेव्हा मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याने पुढाकार घेतला. दहा डॉलरला एक शेअर असे ते विकले गेले आणि 8,222 लोकांनी मिळून संघ विकत घेतला. आजही तो गावाच्याच मालकीचा आहे. बेसबॉलमध्ये थोर खेळाडूचा क्रमांक निवृत्त करतात, पुन्हा कुणाला देत नाहीत. रेड विंग्जने निवृत्त केलेल्या क्रमांकांत एक आहे 8222. पाठीवर एवढा मोठा आकडा कुणी घातलेला नाही, तो त्या भागधारकांचा मान आहे. पाहुण्यांना सामन्याला घेऊन गेलो की आधी मी तो आकडा दाखवतो.

म्हणून खेळाडू उद्या जाणार, हे खरं असलं तरी मला अडत नाही. 1971 चा आमचा संघ आठवणारी म्हातारी माणसं त्यातले बॉबी ग्रिच आणि डॉन बेलर हे खेळाडू पुढे मेजर लीगमध्ये कुठे गेले ते अभिमानाने सांगतात, पण करंडक आमचा, असंच म्हणतात. त्या वर्षी दुसऱ्या लीगच्या विजेत्या डेन्व्हरविरुद्धची मालिका पूर्णपणे रोचेस्टरमध्येच झाली, कारण डेन्व्हरचं मैदान फुटबॉलने अडवलं होतं. सातव्या सामन्यापर्यंत ताणून आम्ही ती जिंकलो.

आता पद्धत बदलली आहे. मोसमाच्या पूर्वार्धातला पहिला आणि उत्तरार्धातला पहिला, असे दोनच संघ तीन सामन्यांत अजिंक्यपद ठरवतात. पहिल्या चारची दारं बंद झाली, हे मला मान्य नाही. वीस संघांच्या लीगमध्ये अठरा गावांचा सप्टेंबर आधीच संपतो. आमचा शेवटचा कप 1997 चा, नव्या मैदानातल्या पहिल्याच मोसमातला, कोलंबसला हरवून मिळवलेला. पुढच्या उन्हाळ्यात इकडे आलात तर दोन तिकिटं काढून ठेवतो, फक्त तारीख कळवा.