माफी मागितली का त्याने?

नेरुळच्या आमच्या विरंगुळा केंद्रात मी अधूनमधून डॉक्युमेंटरी दाखवते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातला अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा याच्यावरची 'द फॉग ऑफ वॉर' दाखवली की दिवे लागेपर्यंतही कोणाला धीर धरवत नाही. "पण शेवटी त्याने माफी मागितली की नाही?" भाजी घेताना विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, मधे अर्धा तास डुलकी काढलेलेही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

नाही मागितली. निदान आपण जिला माफी म्हणतो ती तरी नाही. एवढ्याने समाधान झालं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरॉल मॉरिस या अमेरिकी दिग्दर्शकाची ही २००३ ची फिल्म. ऑस्कर मिळालेली. पावणेदोन तास जवळजवळ एकच माणूस बोलतो: रॉबर्ट मॅक्नमारा, वय ८५. १९६१ ते १९६८ अमेरिकेचा संरक्षणमंत्री, आधी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा आणि मग जॉन्सनचा. व्हिएतनाममध्ये अमेरिका गळ्यापर्यंत रुतली ती याच्या कारकिर्दीत. मॉरिसने मुलाखतीसाठी एक भन्नाट जुळणी केली आहे. कॅमेऱ्याच्या भिंगासमोरच्या काचेत मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा दिसतो, त्यामुळे बोलणारा थेट भिंगात, म्हणजे आपल्या डोळ्यांत बघून बोलतो. चापून मागे वळवलेले केस, रोखलेलं बोट, चढा आवाज. आमच्याकडच्या निम्म्या मंडळींना वाटतं, हा आपल्यालाच झापतोय.

माफीच्या सगळ्यात जवळ तो येतो ते टोकियोबद्दल बोलताना. व्हिएतनामबद्दल नव्हे, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातून निसटतं. दुसऱ्या महायुद्धात हा तरुण अधिकारी हवाई दलात आकडेमोड करत होता. किती इंधन जळलं, किती बॉम्ब पडले, त्यांतले निशाणावर किती, हा त्याचा हिशेब. बी-२९ विमानं फार उंचावरून बॉम्ब टाकत आणि नेम लागत नसे. जनरल कर्टिस लेमेने ती खाली, सुमारे ५ हजार फुटांवर आणली आणि लाकडी घरांच्या शहरावर आगलावे बॉम्ब टाकायला लावले. ९ मार्च १९४५ च्या त्या एका रात्रीत टोकियोत सुमारे १ लाख माणसं जळून मेली. हे होणार याची तुम्हाला कल्पना होती का, असं मॉरिस विचारतो. उत्तर येतं की ज्या यंत्रणेने एका अर्थी ही शिफारस केली तिचा मी एक भाग होतो. मग तो लेमेचं एक वाक्य सांगतो: आपण हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते. ते बरोबरच होतं, असंही म्हणतो. आणि लगेच विचारतो, हरलं तर अनैतिक आणि जिंकलं तर नैतिक, असं कसं?

प्रश्न बिनतोड आहे. पण तो आपल्यापुढे टाकून हा स्वतः उत्तरातून अलगद बाहेर पडतो. वर्गात बेंच कोणी मोडलं विचारल्यावर "सर, लाकूडच कच्चं होतं" म्हणणारा हुशार मुलगा असतो ना, तसा. हुशारी मात्र अस्सल आहे, तिच्याबद्दल शंका नको.

आता व्हिएतनाम. आमच्याकडे नेहमी येणारे एक काका आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्यांदा फिल्म पाहिली तेव्हा त्यांनी मॅक्नमाराची बाजू अशी काही लावून धरली की मी गप्पच झाले. "ताई, त्याने नोटिंग केलं होतं ना? मग अजून काय करायचं माणसाने?" आणि काका म्हणतात ते खोटं नाही. १ नोव्हेंबर १९६७ ला मॅक्नमाराने जॉन्सनला लेखी टिपण दिलं होतं: आणखी सैन्य पाठवू नका, बॉम्बफेक थांबवा, लढाई दक्षिण व्हिएतनामवर सोपवत चला. साहेबांचं उत्तर आलं नाही. महिना संपायच्या आत बातमी आली की हा जागतिक बँकेचा अध्यक्ष होणार. फिल्ममध्ये तो सांगतो की आपण राजीनामा दिला की आपल्याला काढलं, हे आपल्यालाही कळलं नाही. त्यावर त्याची मैत्रीण, 'वॉशिंग्टन पोस्ट'ची कॅथरिन ग्रॅहम, त्याला म्हणाली, वेडा आहेस का, काढलंच तुला! इथे आमच्या हॉलमध्ये मंत्रालय आणि कोकण भवन, दोन्हीकडची निवृत्त मंडळी मनापासून हसतात. वर बढती आणि मुळात बदली, हा प्रकार त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

काकांशी माझं भांडण आहे ते पुढच्या वर्षांवरून. टिपण १९६७ चं. हा माणूस जाहीरपणे "आमचं चुकलं, भयंकर चुकलं" म्हणाला ते १९९५ मध्ये, स्वतःच्या पुस्तकात. मधे २८ वर्षं. त्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त त्याने खुर्ची सोडल्यानंतर. व्हिएतनामी किती मेले ते लाखांत मोजावं लागतं आणि नेमक्या आकड्यावर आजही एकमत नाही. ज्याने जन्मभर सगळं मोजलं, त्याच्या बाबतीत एवढं एक मोजायला हरकत नसावी.

म्हणून मला माफीचा प्रश्नच थोडा बाजूला पडल्यासारखा वाटतो. माफी मागणं हा शेवटच्या पाच मिनिटांचा मामला. मी विचारते ते वेगळं: याला कधी कळलं, आणि कळल्यावर तो किती दिवस गप्प बसला? मॉरिसही शेवटी हेच विचारतो. सरकारमधून बाहेर पडल्यावर युद्धाविरुद्ध का बोलला नाहीत? आत्तापर्यंत बोट रोखून बोलणारा माणूस सांगतो की मी बोललोय त्यापलीकडे काही बोलणार नाही. बोललो तरी शिव्या, नाही बोललो तरी शिव्या; मग न बोलताच खाईन. डोळे भरतात ते दुसरीकडेच, केनेडींच्या दफनासाठी जागा निवडल्याची आठवण सांगताना.

त्याचं सगळंच खोटं, असं मात्र नाही. सोव्हिएत रशियाने क्यूबात आणलेल्या क्षेपणास्त्रांचा १९६२ चा प्रसंग तो सांगतो तेव्हा अंगावर काटा येतो. अणुयुद्ध टळलं ते केवळ नशिबाने, हे तो स्वच्छ कबूल करतो. १९९२ मध्ये हवानात क्यूबाचा नेता कॅस्ट्रो याच्या तोंडून कळलं की तेव्हा बेटावर अण्वस्त्रं आधीच येऊन पडली होती. त्याहून मला आवडतं ते हनोईतलं भांडण. १९९५ मध्ये जुन्या शत्रूच्या, म्हणजे व्हिएतनामच्या माजी परराष्ट्रमंत्र्याशी याची जेवणाच्या टेबलावर जुंपली. तो म्हणाला, मॅक्नमारासाहेब, तुम्ही कधी इतिहासाचं पुस्तक वाचलंत का? आम्हाला चीनचं प्यादं समजलात? चीनशी तर आम्ही हजार वर्षं लढतोय! ज्या समजुतीपायी एवढी माणसं गेली ती ग्रंथालयात तासभर बसून दुरुस्त झाली असती. ही हकिकत तो स्वतःहून सांगतो, त्याचे गुण द्यायलाच हवेत.

जाता जाता एक. त्याच्या बढतीचा आपल्याशीही दूरचा संबंध आहे. बँकेचा अध्यक्ष म्हणून नोव्हेंबर १९६८ मध्ये तो कलकत्त्याला आला तेव्हा एवढी निदर्शनं झाली की त्याला विमानतळावरून हेलिकॉप्टरने शहरात न्यावं लागलं. आणि गरिबाला बांधलेलं घर न देता भूखंड, पाणी, संडास द्यायचा, बाकी घर तो ऐपतीप्रमाणे उभं करेल, ही कल्पना बँकेत रुजली ती त्याच्याच काळात. तो १९८१ मध्ये बँकेतून बाहेर पडला, पण १९८५ च्या बँकेच्या कर्जातून हीच कल्पना नवी मुंबईत सिडकोमार्फत आली. आपण ज्यांना 'बीयूडीपी' (बॉम्बे अर्बन डेव्हलपमेंट प्रोजेक्ट) म्हणतो ते प्लॉट त्यातलेच. हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, म्हणजे प्रायश्चित्त घेतलंच की. मला तसं वाटत नाही. एका खात्यातली चूक दुसऱ्या खात्यात वळती होत नाही.

काकांचा शेवटचा मुद्दा उरतो. "घरदार, मुलंबाळं, नोकरी. तुम्ही काय केलं असतं त्याच्या जागी?" मी काय केलं असतं ते सोडा. आपण या युद्धात कसे शिरलो याचा अभ्यास करून ठेवा, असा हुकूम जून १९६७ मध्ये याच मॅक्नमाराने दिला होता. सुमारे ७ हजार पानं झाली. त्या कामावर असलेला डॅनियल एल्सबर्ग एकेकाळी मॅक्नमाराच्याच खात्यात होता, हुद्द्याने कितीतरी खालचा. त्यालाही दोन मुलं होती. पानांच्या रातोरात झेरॉक्स काढताना त्याने १३ वर्षांच्या मुलाला मदतीला घेतलं, आणि धाकटी मुलगी कात्री घेऊन पानांवरचे 'अतिगोपनीय'चे शिक्के कापत बसली. १९७१ मध्ये ते सगळं वर्तमानपत्रांत आलं.

काका म्हणतात, हा सरळ शिस्तभंग. शिस्तभंग तर आहेच. त्याच्यावर खटला भरला, ११५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकला असता, आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटला रद्द केला तो सरकारचेच गैरप्रकार उघडे पडले म्हणून. काकांना हे अजून पटलेलं नाही. एल्सबर्गवरचीही एक फिल्म माझ्याकडे आहे, पुढच्या वेळी तीच लावणार आहे. काकांना पुढची खुर्ची धरायला सांगितलंय.