एस एकच, वाटून घ्या

महोत्सव समितीचा फोन आला. 'शाळेने दिलेले संस्कार' या विषयावर दोन पानं लिहून द्या म्हणाले. संस्कारांवर बाकीचे लिहितीलच. मी 1986 च्या दहावीच्या बॅचचा. मला शाळा म्हटलं की आठवीतला इंग्रजीचा तास आठवतो आणि सर आठवतात. नाव लिहीत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना 'एसवाले सर' एवढं पुरे.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. आठवीत आलो तरी क्रियापदाला एस कधी लावायचा हे वर्गात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. निम्मे 'बॉईज प्लेज' म्हणायचे, उरलेले 'बॉय प्ले'. सरांनी पहिल्याच आठवड्यात निकाल लावला. ''एस म्हणजे घरातला एकुलता एक टॉवेल. कर्त्याने गुंडाळला तर क्रियापदाने थांबायचं, क्रियापदाने घेतला तर कर्त्याने.'' सोलापुरात टॉवेलला कसला तोटा, पण पटलं. बॉय प्लेज, बॉईज प्ले. कुणीतरी विचारलं, मग 'चिल्ड्रन प्ले'मध्ये एस कुठे गेला? ''ती पोरं अजून आंघोळीलाच गेली नाहीत,'' सर म्हणाले.

नियम सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटले. सर नियम अर्ध्या मिनिटात सांगायचे आणि उरलेला तास घोकून घ्यायचे. गुंडाळीच्या फळ्यावर तीन रकान्यांचा तक्ता, हातात छडी. छडी मारायला नसायची, दाखवायला असायची. एका बाकाने कर्ता म्हणायचा, मागच्याने क्रियापद. ''माय फादर,'' ''वर्क्स ॲट नाइट.'' ''माय फादर अँड माय अंकल,'' ''वर्क ॲट नाइट.'' मग सर आवाज लांबवायचे, ''माय फादर, अलाँग विथ हिज ब्रदर्स...'' आणि थांबायचे. इथे वर्गाची दांडी उडायची. भाऊ इतके जमले की सगळ्यांना अनेकवचन सुचायचं.

त्यावर सरांचा इलाज म्हणजे अंगठा. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जी गर्दी घुसते तिच्यावर अंगठा ठेवायचा आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचायचं. 'वन ऑफ द लूम्स इज आउट ऑफ ऑर्डर.' 'ऑफ द लूम्स' झाका, राहिलं 'वन इज'. दिसायला सोपं आहे, पण हाताला वळण लागायला वर्ष गेलं. माझ्या त्या वर्षीच्या वहीत ओळीओळीवर शाईच्या अंगठ्याचे ठसे आहेत. रेखा न् रेखा उमटलेली. आमच्या आईला वाटायचं पोरगं अभ्यास सोडून बोटं पुसत बसतं.

आपल्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कानडी, कुणाच्या उर्दू. साखर पेठेतला माझा बाकावरचा मित्र मराठीच्या तासाला 'माझी बहीण आला' म्हणून जायचा आणि वर्ग खिदळायचा. त्याच्या तेलुगूत एकवचनात 'ती' आणि 'ते' यांचं क्रियापद एकच. आपली तीन लिंगं म्हणजे त्याला नसता जाच. त्यात पुन्हा आपण 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे धावतं. हे कुणी कुणाला समजावत नव्हतं, नुसतं हसत होतं. इंग्रजीच्या तासाला मात्र सरांनी एकदा सगळ्यांना गप्प केलं. ''इथे तो, ती, ते तिघांनाही 'गोज'च. भूतकाळात वॉज-वेअर सांभाळलं की बाकी क्रियापदं सगळ्यांना सारखी. तुमचं घरचं शहाणपण इथे चालत नाही, सगळे शून्यापासून.'' तो मित्र त्या वर्षी इंग्रजीत आमच्या पुढे गेला, आणि मराठीच्या तासालाही बोलायला लागला.

रविवारी बाजारातलं एक इंग्रजी वाक्य टिपून आणायचं, हा सरांचा नेम. आम्ही तिघे नवी पेठेत फिरत होतो. एका दुकानावर पाटी होती, 'ऑल टाइप्स ऑफ चादर इज सोल्ड हिअर.' मित्राने रस्त्याच्या पलीकडून एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि 'ऑफ चादर' झाकलं. ''ऑल टाइप्स... आर!'' दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, ''डोळा कुणाला मारतोय बे?'' आम्ही आत जाऊन समजावलं. माणूस शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, ''पेंटर अक्षरावर पैसे घेतो. इजला दोन अक्षरं, आरला तीन. जादाच्या अक्षराचे पैसे तुमचे सर देणार का?''

सोमवारी सरांना सांगितलं तर ते खुर्चीवर बसून हसले. त्यांना बसलेलं तेव्हाच पाहिलं. लगेच फळ्यावर वाक्य आलं, 'द पेंटर चार्जेस बाय द लेटर', आणि खाली 'द पेंटर्स चार्ज बाय द लेटर'. पूर्ण तास त्या पेंटरवर गेला. पाटी पुढे कितीतरी वर्षं तशीच होती.

दहावीला सरांनी आणखी एक जोडी दिली होती. 'अ नंबर ऑफ वर्कर्स आर ॲट द गेट. द नंबर ऑफ वर्कर्स इज फॉलिंग.' 'अ' आला की अनेकवचन, 'द' आला की एकवचन. निम्म्या पोरांचे वडील गिरणीत होते, त्यामुळे वाक्य म्हणताना कुणी हसायचं नाही. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. माझे वडीलही घरी बसले.

मी आज एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. परदेशातल्या गिऱ्हाइकांना रोज मेल जातात. 'द लॉट ऑफ टॉवेल्स हॅज बीन डिस्पॅच्ड' लिहिताना माझा अंगठा आपोआप स्क्रीनवर जातो, आणि ऑफिसातली मुलं मग स्क्रीन पुसतात. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं आहे. पण एसखाली निळी रेघ आली की ते टिचकी मारून मोकळे होतात, कर्ता शोधत नाहीत. शाळेत आता सेमी इंग्रजी आहे, प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली आहे, डिजिटल फळाही बसवला म्हणे. चांगलंच आहे. गुंडाळीचा फळा कुठे टाकला, तेवढं कुणी सांगेल का?

सर निवृत्त झाल्यावर दोनदा-तीनदाच भेट झाली. आता ते नाहीत. पीटीचे सर आणि चित्रकलेच्या बाई यांच्याबद्दलही लिहायचं होतं, दोघांचे उपकार आहेत, पण पानं संपली.

जाता जाता समितीला एक विनंती. माझी देणगी इंग्रजीच्या बक्षिसासाठी वापरायची असेल तर जरूर वापरा, पण निबंधाला देऊ नका, दहावीच्या पहिल्या नंबरालाही नको. आठवीच्या वर्गात बाकाबाकाने तोंडी घ्या, मधे भरपूर 'ऑफ' आणि 'अलाँग विथ' घाला, आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याला द्या. त्याच्या घरी कुठली भाषा बोलतात ते विचारू नका.