मेट्रनबाईंची वही

आमच्या मेट्रनबाई, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, गेल्या. शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, प्रेमळपणाबद्दल बोलले. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या आम्ही आता थोड्याच उरलो आहोत, म्हणून तेवढं लिहून ठेवते.

३० सप्टेंबर १९९३. मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, माझी नाइट होती. पहाटे चारच्या सुमाराला पलंग सरकले, तावदानं थडथडली, सलाईन लावलेले पेशंटसुद्धा दाराकडे धावले. पाच-दहा मिनिटांत बाई क्वार्टरवरून घरच्या साडीवरच आल्या. वॉर्ड शांत केला आणि वॉर्डबॉय मामांना म्हणाल्या, "ऑटोक्लेव्ह (वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) लावा. ड्रेसिंगचे सगळे ड्रम भरून ठेवा. इथं एवढं हललंय, म्हणजे कुठंतरी घरं पडली असणार." किल्लारी, सास्तूर ही नावं अजून कुणाच्या कानावरही आलेली नव्हती. उजाडेपर्यंत घरी सोडता येतील अशा पेशंटची यादी त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली होती.

मग जीप आल्या, ट्रक आले, एसट्या आल्या. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं होतं. नाकात, डोळ्यांत, तोंडात माती. जखम धुवायला घेतली की नुसता चिखल निघायचा. धनुर्वाताची इंजेक्शनं देऊन देऊन आमची बोटं आखडली. जखमा मळक्या होत्या म्हणून सर्जन त्या लगेच शिवत नव्हते. धुऊन, उघड्या ठेवून, पट्टी बांधायची. नातेवाईक विचारायचे, टाके का घालत नाही? बाई प्रत्येकाला थांबून समजावायच्या.

तासन् तास ढिगाऱ्याखाली पाय अडकलेली माणसं वरून बरी दिसायची, बोलायची, पाणी मागायची. चिरडलेल्या स्नायूंतलं विष रक्तात उतरतं आणि किडनी बंद पडते, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं. बाईंनी सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांवर चिकटपट्टीच्या खुणा करून घेतल्या आणि अशा प्रत्येक पेशंटच्या पलंगाखाली एक ठेवली. दर तासाला लघवी किती, रंग कसा, ते लिहायचं. काळपट दिसली की डॉक्टरांना त्याच क्षणी हाक मारायची. एवढ्या धावपळीत हे कोण करणार, असं आमच्यातली एक जण म्हणाली. "तूच," एवढंच उत्तर मिळालं.

पण खरं सांगायचं आहे ते वहीबद्दल. दुपारी त्यांनी बारावीतल्या आपल्या मुलीला क्वार्टरवरून बोलावून घेतलं. "अक्षर बरं आहे तुझं, बस इथं." केसपेपरवर नाव, वय, गाव असतंच. बेशुद्ध बाईचं आणि न बोलणाऱ्या पोराचं काय लिहिणार? बाईंनी तिला सांगितलं, गोंदण बघ. आमच्याकडच्या बायकांच्या हातावर तुळशीवृंदावन असतं, भावाचं नाव असतं. बांगड्या कुठल्या, कानात काय, कुठल्या गाडीतून आणलं, कुणी आणलं. आम्ही कात्रीने कापलेले कपडे टाकायचे नाहीत, गाठोडं बांधून नंबर लावायचा. तोच नंबर पट्टीवर लिहून पेशंटच्या दंडाला. रक्तमाखल्या कपड्यांची ती गाठोडी व्हरांड्यात रचलेली बघून मला भडभडून आलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून माणसं शोधत यायला लागली. बाहेर पाऊस. भिजलेला एक शेतकरी वॉर्डावॉर्डांतून फिरून रडत परत निघाला होता. त्याची बायको आमच्याच वॉर्डात होती, पण डोकं, चेहरा सगळा पट्ट्यांत, ओळखणार कसा? त्या पोरीने त्याला बसवून वही वाचून दाखवली. उजव्या हातावर 'गोविंद', असं वाचलं तसा तो उठून उभाच राहिला. गोविंद त्याचा मेहुणा. ती बाई पुढे चालत घरी गेली. सगळ्यांचं असं झालं नाही. काहींना वहीतून फक्त गाठोडं मिळालं.

नर्सला 'दुसरी आई' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. शोकसभेत तेही झालं. मग मुलगी उठली आणि म्हणाली, "आई आमच्या वाट्याला उरलेल्या वेळात यायची. लहानपणी मला त्याचा राग होता. त्या चार दिवसांत मी तिच्याशेजारी बसले, तेव्हा ती काय करते ते पहिल्यांदा बघितलं." मला तिचं बोलणं सगळ्यात प्रामाणिक वाटलं. नवरा लवकर गेलेला, दोन पोरं, वर ड्युटी लिस्ट, इंडेंट (सामानाच्या मागण्या), लिनन, मावशींच्या रजा. त्या बाईने घर कसं चालवलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढे मदतीच्या अर्जांना जखमी झाल्याचा दाखला लागायचा. केसपेपर सापडत नसले की ऑफिसवाले लोकांना बाईंकडे पाठवायचे. ड्युटी संपल्यावर त्या वही काढून बसत. एकदा उमरग्याकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली. तिला तारीख आठवेना, वॉर्ड आठवेना. बाईंनी तिचा हात पुढे घेतला, गोंदण बघितलं आणि पानं उलटायला लागल्या. नोंद सापडली तेव्हा शेवटची एसटी निघून गेली होती. आजी आणि नातू त्या रात्री बाईंच्या क्वार्टरवर जेवून झोपले, आणि सकाळी दाखला घेऊन गावी गेले.