मोर्शीच्या वाटेवर, साठीपुढचा सॉफ्टबॉल

अमरावती शहर मागे पडले की मोर्शीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते. जानेवारीचा उत्तरार्ध होता. तूर काढणीला आली होती, कपाशीची शेवटची वेचणी सुरू होती आणि सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर गहू डोलत होता. एसटीतल्या गर्दीत मी ज्या गावाला निघालो होतो, त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण तिथल्या खेळाडू बायकांनी तसे मला बजावून सांगितले आहे. नाव छापून आले की पुढच्या वर्षी फलक लागतो, फलकावर पुढाऱ्यांचे फोटो मोठे आणि खेळणाऱ्या बायकांचे फोटो बोराएवढे येतात, हा त्यांचा अनुभव आहे.

त्या गावात जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर पंचावन्न ते पंचाहत्तर वयाच्या स्त्रिया रविवारी सकाळी सॉफ्टबॉल खेळतात. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आजूबाजूच्या गावांतल्या खेळाडूंना बोलावून त्या सामना भरवतात आणि त्याच वेळी आपल्यातल्या ज्येष्ठ खेळाडूंचा सन्मान करतात. हा सन्मान पाहण्यासाठी मी गेलो होतो.

विदर्भाच्या खेड्यात हा बेसबॉलसारखा अमेरिकी खेळ कुठून आला, असे कुणालाही वाटेल. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने मल्लखांब, कबड्डी अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अशा संस्थांतून शारीरिक शिक्षणाचे धडे घेतलेले शिक्षक आणि शिक्षिका गावोगावच्या शाळांत नोकरीला लागले आणि त्यांच्याबरोबर शिट्टी, फक्की आणि निरनिराळे खेळही गेले. भारतीय सॉफ्टबॉल संघटनेची स्थापना 1961 ची. म्हणजे आज साठी ओलांडलेल्या क्रीडाशिक्षिका आणि या देशातला संघटित सॉफ्टबॉल जवळजवळ बरोबरीनेच वाढले.

या संघाच्या कप्तान अशाच एक निवृत्त क्रीडाशिक्षिका आहेत. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘पीटीच्या बाई’ म्हणतात. सुनासुद्धा आत्याबाई म्हणायच्या ऐवजी कधीकधी तसेच म्हणून जातात. मी पोहोचलो तेव्हा त्या डोक्याला रुमाल बांधून स्वतः फक्की आखत होत्या. होम प्लेटपाशी, म्हणजे बॅट घेऊन जिथे उभे राहायचे तिथे, खुंटी ठोकून तिला सुतळी बांधलेली, दुसरे टोक सातवीतल्या एका मुलीच्या हातात, आणि बाई डब्याच्या तळाला पाडलेल्या भोकांतून चुना झाडत सुतळीच्या कडेकडेने मागे मागे सरकत होत्या. धावताना ज्यांवर पाय टेकवायचा ते बेस म्हणजे सुतळी पोत्याचे तुकडे दुहेरी शिवून त्यात नारळाचा काथ्या भरलेला. पहिल्या बेसला मात्र दोन चौकोन जोडून शिवले होते, एक पांढरा आणि एक भगव्या रंगात बुडवलेला. पांढऱ्यावर क्षेत्ररक्षण करणारीने पाय ठेवायचा, बाहेरच्या भगव्यावर धावणारीने. त्यामुळे दोघींची धडक होत नाही.

हा दुहेरी बेस बाईंच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉलमध्ये अशी बरीच काळजी नियमांतच घेतलेली असते. होम प्लेटसुद्धा दोन असतात. एक कॅचरसाठी, म्हणजे फटका मारणारीच्या मागे चेंडू झेलायला बसलेलीसाठी, आणि दुसरी, जरा बाजूला, धाव पूर्ण करणारीसाठी. तिसऱ्या बेसकडून येताना एक ठरलेली रेषा ओलांडली की मागे फिरायची सोय नाही आणि अंगाला चेंडू लावून बाद करण्याचीही परवानगी नाही, म्हणून शेवटच्या काही पावलांत ढकलाढकली होतच नाही. चेंडू संथ, खालून हात नेऊन आणि उंच कमानीने टाकायचा. ती कमान जमिनीपासून किमान 6 आणि कमाल 12 फूट असावी लागते. मैदानावर 9 ऐवजी 10 जणी उभ्या राहतात. गुडघा दुखत असेल तर फटका मारून बेसवर पोहोचलेल्या खेळाडूच्या जागी दुसरीने धावायची मुभाही आहे. अमेरिकेत ही धावणारी संघातलीच असते. इथे बाईंनी त्यात दुरुस्ती करून शाळेतल्या मुलींना धावायला लावले आहे. त्यामुळे मुलींना सामन्यात उभे राहायला मिळते आणि आज्यांना श्वास घ्यायला मिळतो. माझ्या मते ही दुरुस्ती मूळ नियमापेक्षा सरस आहे.

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 सालचा, शिकागोचा. थंडीत बंदिस्त जागेत वेळ घालवण्यासाठी मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलवला, इतकी साधी ती सुरुवात होती. म्हाताऱ्या माणसांनी तो खेळण्याची परंपराही जुनी आहे. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये पंचाहत्तरीच्या खेळाडूंचा क्लब 1930 सालीच सुरू झाला. पन्नाशीपुढच्यांच्या राष्ट्रीय ज्येष्ठ क्रीडास्पर्धा अमेरिकेत 1987 पासून होतात. तरीही तिथल्या म्हाताऱ्या स्त्रियांची वाट सोपी नव्हती. शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत 1972 साली आला. त्याआधी शाळा-कॉलेज संपवलेल्या कितीतरी मुलींना खेळायला शाळेचा संघच नव्हता, म्हणून अनेकींच्या हातात पहिल्यांदा बॅट आली ती मुले मोठी झाल्यावर. आपल्याकडे गाडी उलट्या बाजूने अडली. शाळेत मुली खेळल्या, जिल्ह्यापर्यंत गेल्या, आणि लग्नाची तारीख ठरली की ग्लोव्हज माळ्यावर गेले. त्या मैदानावर मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या बहुतेकींची हीच कथा होती. त्या ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. पाऊस कमी झाला हे सांगावे तसे सांगत होत्या.

सन्मानाचा कार्यक्रम सामन्याच्या आधी झाला आणि फार लवकर आटोपला. आमच्याकडच्या सत्कारांना ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांना पाहुण्यांची दोन तास वाट पाहणे म्हणजे काय ते ठाऊक असेल. इथे पाहुणेच नव्हते. दिवस हळदीकुंकवाचे होते, म्हणून त्याच रीतीने बायका बसल्या. फरक एवढाच, की पीटीच्या बाई विधवा आहेत, संघातल्या आणखी काहीजणीही विधवा आहेत, आणि ताट त्यांच्यापुढेही तसेच फिरले. कुणी त्यावर भाषण केले नाही. एका आजींनी जरा आढेवेढे घेतले तेव्हा ताट घेऊन उभी असलेली सून एवढेच म्हणाली, “लावा ना व माय, उशीर होते तिकडे.” वाण म्हणून प्रत्येकीला गुडघ्याला बांधायचा पट्टा दिला. शाल-श्रीफळ का नाही, असे मी बाईंना विचारले. “शाली पेटीभर हायेत घरी,” त्या म्हणाल्या. “बॉल कोणी आणून देते का, ते विचारा.”

ज्या तिघींचा विशेष सन्मान झाला त्यांतली एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती, एक बऱ्याच वर्षांपासून गुणलेखन सांभाळणारी अंगणवाडीतून निवृत्त झालेली सेविका आणि एक पंच. पंच सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांना खेळायला आता डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणून त्यांनी नियम पाठ केले. सन्मान झाला आणि तिघीही लगेच आपापल्या जागी गेल्या. मला हे फार महत्त्वाचे वाटले. एरवी आपण ज्येष्ठांचा सत्कार करतो तेव्हा त्यात निरोपाचा वास असतो. हार गळ्यात पडला की माणसाने खुर्चीत बसून राहावे, असा त्याचा छुपा अर्थ असतो.

सामना सात इनिंगचा, म्हणजे सात डावांचा, होता. फटके फार लांब गेले असे म्हणवत नाही, पण बाईंचे कप्तानपद बघण्यासारखे होते. दुसऱ्या इनिंगमध्ये समोरच्या संघातल्या बहुतेकजणी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधूनच जमिनीलगत चेंडू काढताहेत, हे त्यांनी हेरले. तिथे उभ्या असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला त्यांनी मागे पाठवले आणि आउटफिल्डमधून, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानातून, एका शेतमजूर बाईला पुढे आणले. मुख्याध्यापिका जरा खट्टू झाल्या. गावात मानाची उतरंड पक्की असते आणि मैदानावर ती अशी उलटवायला धीर लागतो. शेतमजूर बाई उकिडवी बसून निंदण करण्यात जन्म गेलेली. साडीचा कासोटा मारून ती उभी राहिली, पुढचा चेंडू आला तशी गुडघ्यांत वाकली, दोन्ही हातांनी तो उचलला आणि खांद्याला झटका न देता खालच्या खालीच पहिल्या बेसकडे फेकला. पंचांनी हात वर केला. “आउट हाय बाप्पा, पायता काय?” असे त्यांनी फटका मारणारीला ऐकवले, आणि तीही हसत बाहेर गेली.

ग्लोव्हज मोजकेच होते आणि इनिंग बदलली की ते एका संघाकडून दुसऱ्याकडे जात. त्यातला एक मी हातात घेऊन पाहिला. बोटांमधली जाळी तुटल्यावर चांभाराने चपलेच्या वादीने ती विणून दिली होती, आतले अस्तर घामाने काळे पडले होते आणि अंगठ्यापाशी जुन्या शाळेचा शिक्का अजून वाचता येत होता.

यजमान संघ हरला. गुणलेखिकेने वही दाखवली तेव्हा एका धावेवरून बरीच खडाजंगी झाली. सहाव्या इनिंगमधली धावणारी मुलगी चुकून कॅचरच्या प्लेटवर पाय ठेवून गेली होती आणि पंचांनी ती धाव धरली नव्हती. बाईंनी पंचांचा निर्णय मान्य केला, पण परतीचा सामना मागून घेतला. मग तारखेची चर्चा सुरू झाली. एकीची तूर अजून उभी होती, एकीच्या घरी लग्न होते, दोघींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावतीला जायचे होते, मृगाच्या बहाराची संत्री उतरवायला लागली की बागवाल्यांकडच्या बायकांना रविवारही मिळत नाही. शेवटी महाशिवरात्रीनंतरचा दुसरा रविवार ठरला, मोतीबिंदूवाल्या दोघींपैकी एकीला तोवर गुणलेखनाला बसवायचे ठरले आणि नवा चेंडू पाहुण्या संघाने आणायचा, हेही त्याच बैठकीत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेण्यात आले.