ठासणीच्या रायफलचा स्कोप आणि न बसणारा नेम

ओहायोत हरणाच्या शिकारीला सगळ्या रायफली चालत नाहीत. लांब नळीची बंदूक न्यायची तर शॉटगन, सरळ नळकांड्याच्या काडतुसाची रायफल किंवा ठासणीची (दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची ती), यातलंच काहीतरी घ्यावं लागतं. जानेवारीच्या सुरुवातीला तर खास ठासणीवाल्यांसाठी छोटासा हंगाम असतो. त्याच्याच मोहाने मी .50 कॅलिबरची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची) इनलाइन रायफल, म्हणजे दारू पेटवणारी टोपी नळीच्या सरळ मागे असलेली ठासणीची, घेतली आणि स्कोप दुकानातूनच बसवून आणला.

पंचवीस यार्डांवर गोळ्या कागदावर पडत होत्या. शंभरावर गेलो आणि सगळं फिसकटलं. छिद्रं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरलेली, आणि तो अख्खा पसारा काळ्या ठिपक्याच्या डावीकडे. उजवीकडे आणायला बाजूचा नॉब फिरवत गेलो तर तो शेवटाला जाऊन अडकला. तरी गोळ्या डावीकडेच.

रेंजवर फुकट सल्ल्यांना तोटा नसतो. 'स्कोप गंडलाय, बदलून टाक', हा बहुतेकांचा निकाल. मला तो पटला नाही. गोळ्या एका जागी पडतात पण ती जागा चुकीची आहे, ही एक तक्रार. गोळ्या एका जागी पडतच नाहीत, ही दुसरी. पहिलीवर नॉब हा इलाज आहे. दुसरीवर नॉब फिरवणं म्हणजे निव्वळ दारू आणि गोळ्यांचा खर्च. माझ्याकडे दोन्ही तक्रारी एकदमच होत्या, म्हणून त्या आधी सुट्या करायच्या ठरवल्या.

घरी आल्यावर गज नळीत सोडून आत बार नाही याची खात्री केली (हे दर वेळी करायचंच, रायफल रिकामी आहे हे कितीही ठाऊक असलं तरी). मग स्कोप उतरवला. स्कोपला धरणाऱ्या रिंगा घट्ट होत्या. त्या ज्यावर बसतात त्या नळीवरच्या पट्ट्यांपैकी पुढच्या पट्टीवर, म्हणजे बेसवर, अंगठा दाबला तर तो केसभर हलला, आणि त्याचा स्क्रू मात्र एक आटाही पुढे जाईना. स्क्रू काढून उजेडात धरला तेव्हा टोकावर ताजी चकाकी दिसली. तो भोकापेक्षा लांब होता. तळाला टेकून गच्च लागायचा, पण बेसला नळीवर दाबतच नव्हता. बसवणाऱ्याच्या हाताला तो घट्ट लागला असणार, आणि दर बाराला बेस थोडा थोडा सरकत गेला.

आखूड स्क्रू आणला, आटे स्पिरिटने पुसून तेल काढलं आणि निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला पडू न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावला. रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, टॉर्क रेंचने, स्कोपच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळले. हाताच्या अंदाजाने आवळलं की स्कोपची नळी चेपू शकते. दाराच्या चौकटीला ओळंबा टांगून स्कोपमधली उभी रेघ त्याच्याशी जुळवली. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवले आणि बरोबर निम्म्यावर आणून सोडले. डोळा आणि काच यांत चार बोटं अंतर ठेवलं. ठासणीचा धक्का जोरदार असतो, भुवईवर टाके नकोत.

इनलाइनचा मोठा फायदा असा की ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, काढला की मागून नळीतून आरपार दिसतं. रेंजवर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, नळीतून पंचवीस यार्डांवरचा ठिपका मधोमध घेतला, आणि रायफल न हलवता स्कोपमधून पाहिलं. रेघा ठिपक्याला जवळपास लागूनच होत्या. म्हणजे स्कोप बिचारा शाबूत होता, वाकड्या बेसमुळे नॉब संपत होता.

उरलेलं नॉबवर झालं. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकने गोळी शंभर यार्डांवर पाव इंच सरकते, पण पंचवीसवर त्याच्या चौथाई. म्हणून पंचवीसवर एक इंच हलवायला सोळा क्लिक लागतात. डावीकडची तक्रार मिटली. पसारा कमी झाला, पण शंभरावर अजून सहा-सात इंच होताच.

इथे मामा उपयोगी पडला. कुडाळकडे त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, डुकरं हाकायला. स्कोप त्याने आयुष्यात लावलेला नाही. फोनवर माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बार सारखो भरतंस काय रे? गजार खूण केलंस?"

खूण केली. स्वच्छ नळीत दारू आणि गोळी पूर्ण बसल्यावर गज जिथे नळीच्या तोंडाशी येतो तिथे मार्करने रेघ. पहिला बार बरोबर रेघेवर. नळी न पुसता दुसरा भरला तर रेघ पाव इंच वरच राहिली. मी वापरत होतो त्या ट्रिपल सेव्हन दारूची राख ब्रीच प्लगच्या जरा पुढे कडक कडं धरते. सॅबोतली (प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली) गोळी त्यावर अडते आणि आपल्याला वाटतं तळाला टेकली. प्रत्येक बाराची खोली वेगळी, म्हणून दाब वेगळा, म्हणून गोळीचा वेगही वेगळा. स्कोपने तरी काय करावं?

मग शिस्त लावली. दर बारानंतर एक ओलसर चिंधी, एक कोरडी. दोन पेलेटऐवजी (दारूच्या तयार वड्यांऐवजी) सुटी दारू, मापाने 80 ग्रेन (ग्रेन हे दारू-गोळीचं छोटं माप), कारण पेलेट जोरात ठासले की तुटतात. ठासताना जोरही दर वेळी सारखाच. आणि नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर सॅबोचं प्लास्टिक मऊ पडतं. हे थांबणं सगळ्यांत कंटाळवाणं, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक त्यानेच पडला. 250 ग्रेनच्या गोळ्या शंभरावर तीन इंचांच्या आत येऊ लागल्या.

स्कोपची परीक्षा त्यानंतरच घेतली, आधी घेण्यात अर्थ नव्हता. वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली. चौकोनाची बाजू पाच इंचांच्या आसपास आली आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी पडली.

शिकारीत पहिला बार स्वच्छ, थंड नळीतूनच जाणार, म्हणून शेवटचा नेमही तशाच नळीवर बांधला, शंभरावर दीड इंच वर. बेसच्या स्क्रूंवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आहे. स्क्रू ढिला पडला तर ती तुटलेली दिसेल. तीनशे ग्रेनची गोळी लावून पाहायची हौस आहे, पण ती जानेवारीनंतर. बसलेला नेम हंगामाच्या तोंडावर कोण हलवणार?