चरातला शिंपल्यांचा थर

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत इंटरस्टेट 8 या महामार्गावर ‘कुमियाय हायवे’ अशी पाटी आहे. कामावर जाताना मी तिच्यासमोरून रोज जायचो, पण हे नाव कुणाचं, असं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मिशन व्हॅलीत एका ठिकाणी पाण्याच्या पाइपलाइनसाठी आमचा चर खणणं चालू होतं. जुने अवशेष निघू शकतील अशा जागी पुरातत्त्वाचा माणूस आणि इथल्या मूळ रहिवासी कुमियाय समाजाचा निरीक्षक हजर लागतो. त्या दिवशीच्या निरीक्षक बाई वयाने माझ्या आईएवढ्या. साडेनऊच्या सुमारास त्यांनी हात वर केला आणि खणणारं यंत्र, बॅकहो, थांबलं.

मी चरात उतरलो. चारेक फूट खाली, तपकिरी मातीत एक काळपट पट्टा होता. राख, आगीने तडकलेले दगड आणि शिंपल्यांचे तुकडे. समुद्र तिथून मैलोन्‌मैल दूर.

“हे एवढं आत कसं आलं?” मी विचारलं.

“पाठीवरून,” त्या म्हणाल्या. “चालत.”

मग हाताने खुरपणं सुरू झालं. तासाभराने एक दगड निघाला, तळहातात मावेल एवढा, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला. आमच्या घरच्या वरवंट्याची झीज मला ठाऊक आहे, त्यामुळे हा कशाचा दगड ते सांगावं लागलं नाही. बिया यानेच वाटायच्या, असं बाई म्हणाल्या. ओकची फळं मात्र खडकातल्या उखळात कुटायची, त्या पिठाचा कडवटपणा पाण्याने धुऊन काढायचा आणि मग शिजवायचं. त्या खाण्याला ते ‘शावी’ म्हणतात. त्यांच्या घरी अजून होते.

दगड झाकून ठेवला आणि बाई त्यांच्या लोकांच्या जुन्या वाटेबद्दल बोलू लागल्या. सॅन डिएगो नदीच्या काठाने वर, कुयामाकाच्या डोंगरांतून पलीकडे वाळवंटात, तिथून थेट कोलोरॅडो नदीपर्यंत. सॅन डिएगो नदीच्या मुखाजवळ कोसाय हे कुमियायांचं गाव होतं. 1769 मध्ये स्पॅनिश लोकांनी तिथेच लष्करी ठाणं आणि मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं केंद्र, उभारलं. 1774 मध्ये पाणी आणि शेतजमिनीसाठी, शिवाय सैनिकांपासून दूर म्हणून, मिशन नदीच्या वरच्या अंगाला निपाग्वाय गावापाशी हलवलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनेक गावांतले कुमियाय एकत्र आले आणि एका रात्रीत त्यांनी ते जाळलं. पाद्री लुईस हाइमे त्यात मारले गेले. शाळेच्या सहलींत मिशनच्या भिंती दाखवतात. ज्यांच्या गावावर त्या उभ्या राहिल्या, त्यांच्याबद्दल एखादं वाक्य सांगतात. हे मला खटकतं.

दुपारी ऑफिसातून तीन फोन आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, काम कधी सुरू होणार? मी मोजमाप करून आखणी रस्त्याच्या बाजूला सरकवता येते हे दाखवलं. दोन कोपरे वाढले, चार दिवस गेले. माझ्या मते ते फार नव्हते.

संध्याकाळी मी नकाशावर त्या जागी खूण करून गावाचं नाव लिहायला घेतलं, तर बाईंनी माझा हात अडवला. “खूण दिसली की रात्री खणायला माणसं येतात. नाव लोकांना सांगा, जागा नको.”

मी खूण खोडली. इथेही ती जागा नेमकी लिहिलेली नाही, ती म्हणूनच.